रोज कापला जाणारा हप्ता: क्यूआर कोडवरच्या कर्जाविरुद्ध दुकानदारांना एकत्र दाद मागता येते का?

लातूरच्या गंजगोलाईतलं एखादं छोटं दुकान डोळ्यासमोर आणा. किंवा नांदेडच्या वजिराबादेतलं. दिवसभर काउंटरवरचा छोटा स्पीकर बोलत असतो, इतके रुपये मिळाले, तितके रुपये मिळाले. रात्री मोबाईलवर विक्री दिसते ४,२०० रुपये. बँक खात्यात मात्र जमा होतात ३,८७२. मधले ३२८ रुपये कुठे गेले?

ते कर्जाच्या हप्त्यात गेले. चार महिन्यांपूर्वी ॲपवर मेसेज आला होता, ‘तुम्ही एक लाखाच्या कर्जासाठी पात्र आहात.’ कागद नको, तारण नको, बँकेत चकरा नकोत. दोन-चार ठिकाणी अंगठा टेकवला आणि पैसे आले. आता रोज संध्याकाळी विक्रीतून हप्ता आधी वजा होतो आणि उरलेलं दुकानदाराच्या हाती येतं.

हे उदाहरण समजण्यासाठी घेतलं आहे, पण कर्जाची ही पद्धत काल्पनिक नाही. क्यूआर कोड आणि कार्ड स्वाइप मशीन देणाऱ्या अनेक कंपन्या आज बँका किंवा एनबीएफसींच्या मदतीने दुकानदारांना असं कर्ज मिळवून देतात. अमेरिकेत याच्या चुलतभावाला ‘मर्चंट कॅश ॲडव्हान्स’ म्हणतात. तिथे या धंद्यातल्या कंपन्या आणि दलालांविरुद्ध मोठमोठे खटले झाले आणि हजारो छोट्या व्यावसायिकांची कर्जं एका फटक्यात रद्द झाली. मग लातूर-नांदेडच्या दुकानदाराला असं काही करता येईल का? उत्तर पूर्ण ‘हो’ नाही आणि पूर्ण ‘नाही’ही नाही.

ही तर उलटी पिग्मी

मराठवाड्यातल्या बाजारपेठेला रोजचा हिशेब नवा नाही. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानात येतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, पुस्तकात नोंद करतो. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही पद्धत पुढे गावोगावच्या पतसंस्थांनी उचलली. रोज थोडं बाजूला पडतं, वर्षाच्या शेवटी गठ्ठा हातात येतो.

क्यूआरवरचं कर्ज म्हणजे हीच पिग्मी उलटी फिरवलेली. गठ्ठा आधी मिळतो आणि रोज थोडं थोडं जातं. त्यामुळे दुकानदाराला ते ओळखीचं वाटतं, फारसं जड वाटत नाही. ३२८ रुपये म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकांचं बिल. खरी अडचण इथेच आहे. रोजचा आकडा इतका लहान असतो की त्यातला व्याजाचा दर दिसतच नाही.

तो काढून बघू. कर्ज १ लाख. व्याज ‘फ्लॅट’ १८ टक्के, म्हणजे १८,००० रुपये. ३६० दिवसांत १,१८,००० फेडायचे, म्हणजे रोज साधारण ३२८. प्रोसेसिंग फी २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६० रुपये आधीच कापले. हातात आले ९७,६४०.

एजंट सांगतो, ‘महिन्याला दीड टक्काच आहे, साहेब.’ पण पहिल्या दिवसापासून मुद्दल परत जायला लागलेलं असतं. सहा महिन्यांनी दुकानदाराकडे निम्मे पैसेही उरलेले नसतात, व्याज मात्र पूर्ण एक लाखावर धरलेलं असतं. खरा वार्षिक दर काढला तर तो ३९ टक्क्यांच्या आसपास जातो. सांगितलेल्या दराच्या दुपटीहून जास्त.

बाजारात हातउसन्या पैशांची रोज वसुली चालते, तिचंही गणित असंच आहे. ९,००० रुपये हातात द्यायचे आणि रोज १०० रुपये १०० दिवस घ्यायचे. ‘हजारच तर जास्त’, असं वाटतं. वार्षिक दर निघतो ७८ टक्क्यांच्या घरात.

दुसरी अडचण हंगामाची. लातूरच्या अनेक धंद्यांचं वर्ष सारखं नसतं. क्लासेसच्या भागातल्या खानावळी आणि स्टेशनरीची दुकानं मुलं गावात असतात तेव्हा चालतात, परीक्षा संपून मुलं घरी गेली की थंडावतात. मोंढ्यावर अवलंबून असलेल्या दुकानांत पैसा सोयाबीन आल्यावर खेळतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा खानावळी आणि चहाच्या टपऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. काही कर्जांत रोजच्या जमेचा ठरावीक हिस्सा कापतात, तिथे विक्री घटली की हप्ताही घटतो. काहींत मात्र रक्कम ठरलेली असते. दुकान चालो न चालो, ३२८ म्हणजे ३२८. खात्यात तेवढे नसतील तर दंड वेगळा.

अमेरिकेत काय घडलं?

तिथल्या कंपन्यांनी एक शक्कल काढली. त्यांचा करारनामा म्हणतो की हे कर्जच नाही. ‘तुमच्या दुकानात पुढे जी विक्री होणार आहे, तिचा काही भाग आम्ही आज विकत घेतोय.’ ५०,००० डॉलर द्यायचे आणि पुढच्या विक्रीतले ७०,००० डॉलर ‘खरेदी’ करायचे. ही वसुली रोजच्या कपातीने पाच महिन्यांत पूर्ण झाली तर दर वार्षिक १७० टक्क्यांच्या वर जातो.

हे कर्ज नाही असं म्हणण्याची गरज का पडली? कारण न्यूयॉर्क राज्यात वर्षाला २५ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं गुन्हा आहे. २०२१ साली तिथल्या सर्वोच्च अपिली न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा गुन्हेगारी दराचा कर्जकरार मुळापासूनच रद्द ठरतो, कर्जदार कंपनी असली तरीही. म्हणजे ‘कर्ज’ हा शब्द सिद्ध झाला की देणाऱ्याचं मुद्दलही बुडतं. एका शब्दावर एवढं अवलंबून असेल तर भांडण त्या शब्दावरच होणार.

न्यायालयं मग तीन गोष्टी बघतात. विक्री कमी झाली तर हप्ता खरंच कमी करून देतात का? फेडीची मुदत पक्की आहे की मोकळी? आणि दुकान बुडालं तर नुकसान पैसे देणाऱ्याचं की दुकानदाराचं? हप्ता कमी होत नाही, मुदत ठरलेली आहे आणि दुकान बुडालं तरी मालकाच्या घरापर्यंत वसुली पोहोचते, असं असेल तर कागदावर काहीही लिहिलं असलं तरी ते कर्जच.

या वादातला सर्वांत गाजलेला निकाल ‘यलोस्टोन कॅपिटल’चा. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी मार्च २०२४ मध्ये या कंपनीवर आणि तिच्याशी संबंधित कंपन्यांवर दावा लावला. वार्षिक ८२० टक्क्यांपर्यंत दर आकारल्याचा आरोप होता. जानेवारी २०२५ मध्ये १०६ कोटी ५० लाख डॉलरचा तडजोडीचा हुकूमनामा जाहीर झाला. देशभरातल्या १८,००० हून अधिक छोट्या व्यवसायांची ५३ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त थकबाकी रद्द झाली.

आकडा प्रचंड आहे, पण एक तपशील नजरेतून सुटतो. हा दावा दुकानदारांनी एकत्र येऊन लावलेला नव्हता, तो राज्य सरकारच्या कायदा अधिकाऱ्याने लावला होता. अमेरिकेत ‘क्लास ॲक्शन’ म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने लावलेला दावा प्रसिद्ध आहे, हे खरं. पण या धंद्यातल्या करारांमध्ये ‘मी सामूहिक दाव्यात भाग घेणार नाही’ असं कलम सर्रास छापलेलं असतं. सही करतानाच दुकानदार तो हक्क सोडून देतो. म्हणून सामूहिक दावे होतात, पण अडखळत. मोठी सुटका झाली ती सरकार उतरलं तेव्हा.

दलालांचीही मोठी साखळी तिथे आहे. एक कर्ज फेडता येईना की तोच दलाल दुसरं आणून देतो, त्यावर तिसरं. प्रत्येक वेळी त्याचं कमिशन सुटतं. हे वाचून आपल्याकडचे चेहरे आठवले तर नवल नाही.

मग तोच मुद्दा इथे चालेल का?

नाही. ‘हे विक्री नसून कर्ज आहे’ हा अमेरिकेतला हुकमी मुद्दा भारतात निरुपयोगी आहे, कारण इथे कंपन्या ते कर्ज असल्याचं आधीच मान्य करतात. क्यूआर कंपनी स्वतः सहसा कर्ज देत नाही. ती मध्यस्थ असते आणि पैसे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या एनबीएफसीचे किंवा बँकेचे असतात. नियमांच्या भाषेत क्यूआर कंपनी म्हणजे ‘लेंडिंग सर्व्हिस प्रोव्हायडर’. साध्या मराठीत, दलाल.

बरं, मग व्याजदराच्या मर्यादेचं काय? महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, अशी मर्यादा राज्य सरकारने ठरवली. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हा कायदा बँका आणि एनबीएफसींना लागू नाही. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘नेडुमपिल्ली फायनान्स’ प्रकरणात हेच सांगितलं: रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असलेल्या एनबीएफसीवर राज्याचा सावकारी कायदा चालत नाही.

थोडक्यात, गल्लीतला सावकार १८ टक्क्यांच्या वर गेला तर कायदा मोडतो आणि ॲपवरची कंपनी ३९ टक्के घेते तेव्हा केवळ दरामुळे मोडत नाही. हे विचित्र वाटतं, आणि ते विचित्रच आहे. रिझर्व्ह बँकेने एनबीएफसींसाठी सरसकट कमाल दर ठरवलेला नाही, फक्त दर अवाजवी नसावा असं सांगितलं आहे. कधीकधी ती कडक होते. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी चार कंपन्यांना नवीन कर्ज देण्यापासून तिने थांबवलं, त्यामागे अवाजवी दर हे एक कारण होतं. काही महिन्यांत ती बंदी उठलीही.

म्हणून इथल्या दुकानदाराची लढाई ‘दर किती’ यावर उभी राहात नाही. ती उभी राहते ‘मला सांगितलं काय आणि कापलं काय’ यावर. आणि या बाबतीत गेल्या काही वर्षांत नियम खरोखर दुकानदाराच्या बाजूने झुकले आहेत.

कोणत्या नियमांवर बोट ठेवता येतं?

२०२० च्या डिसेंबरात शेजारच्या तेलंगणात कर्ज देणाऱ्या ॲपच्या छळामुळे आत्महत्या झाल्या आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यानंतर १३ जानेवारी २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने कार्यगट नेमला. त्यातून २ सप्टेंबर २०२२ ची डिजिटल कर्जाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पुढे मे २०२५ मध्ये एकत्रित निर्देश.

यातला सर्वांत कामाचा कागद म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. कर्जाची सगळी खरी माहिती एका ठिकाणी देणारा तक्ता. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना तो सक्तीचा आहे. त्यात सगळा खर्च धरून निघणारा वार्षिक दर लिहावा लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात १८ नव्हे, ३९. हा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवा. मराठीच कळणाऱ्या दुकानदाराला इंग्रजी पीडीएफ पाठवून भागत नाही. आणि त्यात न लिहिलेली फी नंतर कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

दुसरा मुद्दा दलालीचा. डिजिटल कर्जात मध्यस्थाची फी कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायची असते, मध्यस्थाने ती कर्जदाराकडून घ्यायची नसते. ‘फाइल करून देतो, दोन टक्के द्या’ असं म्हणून कोणी रोख किंवा यूपीआयवर पैसे घेतले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट सोन्याच्या भावाचा आहे.

तिसरा मुद्दा जरा तांत्रिक आहे, पण क्यूआर कर्जाच्या मुळाशी जातो. कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यावेत आणि परतफेडही थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जावी, मधल्या दलालाच्या खात्यातून नाही, असा नियम आहे. क्यूआर कंपनी विक्रीची रक्कम गोळा करते आणि त्यातून हप्ता कापते, तेव्हा ते ३२८ रुपये कोणत्या खात्यातून कुठे गेले हे विचारण्याचा दुकानदाराला हक्क आहे. पेमेंटचं आणि कर्जमध्यस्थीचं अशी दोन्ही कामं करणाऱ्या कंपनीला डिजिटल कर्जाचे नियम लागू होतात, हे रिझर्व्ह बँकेने नंतर प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं आहे.

याशिवाय कर्ज घेतल्यावर विचार बदलला तर दंड न भरता मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन बाहेर पडण्याची मुदत असते, आताच्या नियमांनुसार ती किमान एक दिवस हवी. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर दंड हा ‘दंडव्याज’ म्हणून लावता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत.

सगळ्यांनी मिळून जायचं कुठे?

एका दुकानदाराचं नुकसान समजा चार हजार रुपये. चार हजारांसाठी वकील कोण करणार? पण त्याच कंपनीने तीच चुकीची फी पाचशे दुकानदारांकडून घेतली असेल तर रक्कम होते वीस लाख. सामूहिक दाव्याची कल्पना जन्मली ती याच गणितातून.

भारतात त्याची सोय आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. कंपनी कायद्याच्या कलम २४५ मध्ये ‘क्लास ॲक्शन’ आहे, मात्र तो हक्क कंपनीच्या सभासदांना आणि ठेवीदारांना दिलेला आहे, कर्जदारांना नाही. हा रस्ता इथेच बंद.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(क) नुसार एकसारखं हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक जिल्हा आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेच ती करता येते. म्हणजे करारात ‘वाद मुंबई किंवा बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी नांदेडचा दुकानदार नांदेडच्या आयोगात जाऊ शकतो. लवादाचं कलमही आडवं येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ‘एमार एमजीएफ’ प्रकरणात सांगितलं आहे. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रारदार होऊ शकते. ज्या राज्यात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७० च्या दशकात उभी राहिली, तिथे हा दरवाजा अनोळखी नसावा.

पण ‘एकसारखं हित’ ही अट नावापुरती नाही. ‘ब्रिगेड एंटरप्रायझेस’ प्रकरणात १,१३४ सदनिकांच्या प्रकल्पातल्या ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार सगळ्यांच्या वतीने गेले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सगळ्यांचं हित एकच आहे हे तक्रारीत नीट मांडलेलं नाही, त्यामुळे सर्वांच्या वतीने ती चालणार नाही. मात्र त्या ९१ जणांनी आपल्यापुरती संयुक्त तक्रार म्हणून ती चालवायला हरकत नाही. दुकानदारांसाठी यातला अर्थ सरळ आहे. ‘आम्हा सगळ्यांना फसवलं’ एवढं पुरत नाही. एकच कंपनी, एकच करार, एकच फी, एकच चूक असं दाखवावं लागतं. आणि ते जमत नसेल तर जे आलेत त्यांनी संयुक्त तक्रार करावी.

खरी खिंड पुढे आहे. दुकानदार ‘ग्राहक’ आहे का? व्यापारी हेतूने सेवा घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. शेअर दलालाने धंद्यासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो ग्राहक नाही असं ठरवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ॲड ब्युरो’ या जाहिरात कंपनीचंही तसंच झालं. तिने रजनीकांतच्या ‘कोचादैयान’ चित्रपटाच्या कामासाठी १० कोटींचं कर्ज घेतलं होतं.

दहा कोटी कुठे आणि किराणा दुकानाचे एक लाख कुठे, हे कोणीही म्हणेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेला वापर ‘व्यापारी हेतू’ धरायचा नाही, असं स्पष्टीकरण कायद्यात आहेही. पण इथे एक शब्द हरवला आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात (नंतरच्या दुरुस्तीनंतर) या स्पष्टीकरणात ‘वस्तू’ आणि ‘सेवा’ दोन्ही होत्या. २०१९ च्या कायद्यात ‘वस्तू’ राहिल्या, ‘सेवा’ गेली. कर्ज ही सेवा आहे. त्यामुळे समोरचा वकील हा मुद्दा काढणारच. त्यावर उत्तर म्हणून ‘मुख्य हेतू काय होता’ ही न्यायालयांनी वापरलेली कसोटी पुढे करावी लागते: नवरा-बायको दोघं मिळून चालवतात, नोकर नाहीत, घर याच दुकानावर चालतं. हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावर ठरतं. गुमास्ता नोंदणी, भाड्याची पावती, घरखर्चाचे व्यवहार असलेलं त्याच खात्याचं स्टेटमेंट, असल्या साध्या कागदांना इथे किंमत येते.

ग्राहक म्हणून दार उघडलं नाही तर दिवाणी न्यायालय उरतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर १ नियम ८ हा १९०८ पासूनचा नियम आहे. सर्वांच्या वतीने काहींनी दावा लावायचा, न्यायालयाची परवानगी घ्यायची आणि बाकीच्यांना नोटीस द्यायची. माणसं खूप असतील तर वर्तमानपत्रातून, आणि खर्च दावा लावणाऱ्यांचा.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडची तक्रार मात्र फुकट असते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाच्या पोर्टलवर जायचं. तिथे वकिलाने तुमच्या वतीने तक्रार करायची नसते. सामूहिक दाव्याची सोयही नाही. पण एकाच कंपनीविरुद्ध, एकाच फीबद्दल, एकाच बाजारपेठेतून पन्नास वेगवेगळ्या तक्रारी एका आठवड्यात गेल्या तर त्या एकमेकींना बळ देतात. हा कायद्यातला सामूहिक दावा नव्हे, पण व्यवहारात त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे.

वकिलाचे पैसे कोण देणार?

अमेरिकेत सामूहिक दावे फोफावले त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. वकील आधी फी घेत नाही, जिंकला तर भरपाईतला मोठा वाटा घेतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. त्यामुळे पाचशे जणांचं प्रकरण स्वतःच्या खर्चाने उभं करायला कोणी वकील पुढे येत नाही. ही अट चांगल्या हेतूने आहे, पण तिची किंमत लहान माणूस मोजतो.

तिसऱ्याने खर्च उचलायला मात्र सरसकट बंदी नाही. महाराष्ट्राने दिवाणी प्रक्रिया संहितेत केलेल्या दुरुस्तीत तर दाव्याचा खर्च दुसरा कोणी करत असेल ही शक्यता गृहीत धरली आहे. व्यापारी संघटनेने वर्गणी काढून पाच जणांचं प्रकरण लढवणं यात बेकायदा काही नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही.

एका माणसाच्या अर्जाने सगळ्यांना पैसे मिळाल्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कोरोनात हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण त्या काळात व्याजावर व्याज चढत राहिलं. आग्र्यातल्या एका चष्मे दुकानदाराने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. प्रकरण सुरू असतानाच केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातला चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत द्यायची योजना काढली. लघुउद्योगांची कर्जं त्यात होती आणि एनबीएफसीही होत्या. पुढे २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने दोन कोटींची मर्यादाही काढून टाकली. लातूर-नांदेडच्या कित्येक खात्यांत तेव्हा काहीशे रुपये जमा झाले असतील, आणि ते कशाचे हे अनेकांना कळलंही नसेल.

ज्यांच्या विक्रीतून आज हप्ता कापला जातोय त्यांच्यासाठी मुदतीचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कर्ज फिटल्यावर ॲप काढून टाकण्याआधी करारनामा, की फॅक्ट स्टेटमेंट आणि रोजच्या कपातीचं पूर्ण स्टेटमेंट उतरवून स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवायला दहा मिनिटं लागतात. की फॅक्ट स्टेटमेंट मिळालंच नसेल तर ते लेखी मागायचं. मागितल्याची तारीख आणि न मिळालेलं उत्तर, हाही पुरावाच असतो.